शशविषाणाचा विषाणू

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात जे मुळात अस्तित्वातच नाही त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे शशविषाण, अर्थात सशाचे शिंग. वंध्यापुत्र, आकाशपुष्प आणि शशविषाण ही नावे नैयायिक आणि वेदान्ती यांच्या वादात वारंवार भेटतात. गंमत अशी की उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर शिंगे असलेले ससे खरोखरच आढळतात, आणि त्या शिंगांचे कारण एक विषाणू आहे. (विषाण आणि विषाणू या शब्दांचे नाते नाही. पहिला शिंगासाठीचा जुना संस्कृत शब्द, दुसरा विष आणि अणू यांच्या जोडणीतून आधुनिक काळात घडवलेला. योगायोग मात्र सुरेख आहे.)

आजचा थ्रेड या शिंगांविषयी आहे, आणि त्याहून अधिक एका प्रश्नाविषयी. विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते. शिंगे उगवलेल्या सशाच्या रक्तातही ती तयार होतात, आणि चांगली प्रभावी असतात. मग त्याच सशाच्या डोक्यावरचे शिंग झडून का जात नाही? पुढे त्याच शिंगाच्या बुडाशी कर्करोग का होतो? या प्रश्नाच्या उत्तराला अर्धे शतक लागले, आणि आज मुलींना दिल्या जाणाऱ्या एका लशीचे वेळापत्रक त्या उत्तरावर उभे आहे.

सुरुवात मात्र कोंबडीपासून करावी लागते.

१९०८ साली कोपनहेगनमध्ये विल्हेल्म एलरमान आणि ओलुफ बांग यांनी दाखवून दिले, की कोंबड्यांचा ल्युकेमिया एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेता येतो, तोही पेशी पूर्णपणे गाळून टाकलेल्या द्रवाने. त्या काळी ल्युकेमियाची गणना कर्करोगात होत नसे. त्यामुळे या शोधाची फारशी दखल कोणी घेतली नाही.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस या तरुण संशोधकाकडे प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिच्या छातीत मोठी गाठ होती. राउस यांनी ती गाठ वाटून, तिचा रस बर्केफेल्ड गाळणीतून गाळला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. या गाळणीतून जीवाणू पार होत नाहीत, मग अख्खी पेशी कोठून होणार? तरीही गाठी उगवल्या. १९११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, हे सांगणारा हा निबंध आज अभिजात मानला जातो. तेव्हा मात्र ‘कोंबड्यांची गोष्ट वेगळी’ म्हणून तो बाजूला सारला गेला. राउस यांना नोबेल मिळाले १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. मधली ५५ वर्षे हा एक स्वतंत्र थ्रेडच होईल.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र राउस यांचा १९१३ सालचा, कमी वाचला जाणारा निबंध अधिक मोलाचा आहे. काही कोंबड्यांत गाठ धरत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: ही कोंबडी नेमका कशाला विरोध करते आहे? गाठ उत्पन्न करणाऱ्या घटकाला, की रोपलेल्या गाठीच्या पेशींना? त्यांचा निष्कर्ष असा, की हे दोन विरोध परस्परांहून भिन्न आहेत. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कथेचे बीज त्यात आहे.

सस्तन प्राण्यांच्या गाठींत असा घटक शोधण्याचे राउस यांचे प्रयत्न फसले आणि त्यांनी कर्करोगाचा नाद सोडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते रक्त साठवण्याच्या द्रावणाकडे वळले. आजच्या रक्तपेढीचा एक धागा त्या कामापर्यंत जातो. कर्करोगाकडे त्यांना परत आणले ते एका मित्राने आणि त्या मित्राच्या शिंगाड्या सशांनी.

हा मित्र म्हणजे रिचर्ड शोप. मूळचे आयोवाचे, रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील शाखेत प्राण्यांच्या रोगांवर काम करणारे, आणि शिकारीचे शौकीन. १९३१ साली त्यांनी डुकरांच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू शोधला होता. तेवढ्यावरही त्यांचे नाव इतिहासात राहिले असते. आयोवाकडच्या रानसशांच्या डोक्यावर, गालांवर, मानेवर काळी कठीण शिंगे दिसतात, ही वार्ता त्यांच्या कानी आली आणि त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही.

नेण्यासारखी ती नक्कीच होती. १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात योरिस हूफनागेल या फ्लेमिश चित्रकाराने शिंगे असलेला ससा रंगवला होता. युरोपातल्या निसर्गवेत्त्यांनी अशा सशाला ‘लेपस कॉर्न्यूटस’ असे वेगळ्या जातीचे नावही देऊन टाकले होते, आणि १८ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो प्राणिशास्त्राच्या चित्रपटांत दिमाखाने बसलेला दिसतो. पुढे शास्त्राने त्याला दंतकथा ठरवले. अमेरिकेत तर वायोमिंगमधील डग्लस या गावी १९३० च्या दशकात पेंढा भरलेल्या सशाला हरणाची शिंगे चिकटवून ‘जॅकलोप’ नावाचा गमतीदार प्राणी तयार करण्यात आला आणि तो गावाची ओळख बनला. शशविषाणाला इतकी लोकप्रियता आपल्या नैयायिकांनीही कल्पिली नसेल.

शोप यांनी खरी शिंगे मिळवली. ती खरे तर शिंगे नव्हती, चामखिळी होत्या. त्वचेची बेसुमार वाढ होऊन वरचे थर वाळून कठीण झाले की त्या शिंगासारख्या दिसतात. शोप यांनी त्या वाटल्या, गाळल्या, आणि तो गाळीव रस दुसऱ्या सशांच्या ओरखडे काढलेल्या त्वचेवर चोळला. नव्या चामखिळी उगवल्या. वेस्टन हर्स्ट यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९३३ साली प्रसिद्ध झाला. सस्तन प्राण्यांत गाठ उत्पन्न करणारा आणि पुढे थेट कर्करोगाशी जोडला गेलेला हा पॅपिलोमा विषाणू.

त्याच निबंधात तीन निरीक्षणे होती. वरवर पाहता ती एकमेकांशी जुळत नव्हती.

चामखिळी असलेल्या सशाला पुन्हा विषाणू चोळला तर नवी चामखीळ उगवत नसे, किंवा क्वचित उगवे. त्याच सशाचे सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पिवळसर द्रव, विषाणूत मिसळले की विषाणू निष्प्रभ होई. म्हणजे प्रतिपिंडे होती आणि ती कामाची होती. पण जुनी चामखीळ? ती बहुधा जागच्या जागी वाढत राही.

तिसरी गोष्ट आणखी विचित्र. रानसशाच्या चामखिळीतून विषाणू सहज मिळे. तोच विषाणू पाळीव सशाला लावला तर त्याला जोमदार चामखिळी येत, पण त्या चामखिळी वाटून तिसऱ्या सशाला लावल्या तर काहीच होत नसे. विषाणूने घर केले होते, घरात हालचाल दिसत होती, पण दार उघडून पाहावे तर आत कोणी नाही.

शोप यांनी हा विषाणू राउस यांच्या हाती सोपवला. विज्ञानाच्या इतिहासातली ही औदार्याची घटना आहे. स्वतःचा सर्वांत मोठा शोध मित्राच्या टेबलावर ठेवून ते दुसऱ्या रोगांकडे वळले. राउस आणि जोसेफ बिअर्ड यांनी १९३४-३५ मध्ये दाखवले, की पाळीव सशांतल्या या चामखिळी काही महिन्यांनी खऱ्याखुऱ्या कर्करोगात बदलतात. आजूबाजूच्या ऊतींत घुसतात, लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत पसरतात. रानसशांतही असे होते, पण पुष्कळ कमी प्रमाणात.

आता प्रश्न अधिक टोकदार झाला. सशाचे रक्त ज्या विषाणूला क्षणात निकामी करते, त्याच विषाणूने सुरू केलेल्या गाठीने ससा मरतो. हे कसे?

राउस यांच्या प्रयोगशाळेतले जॉन किड यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. प्रयोगाची रीत ऐकण्यासारखी आहे. विषाणूचा ठरावीक अंश एका सीरमच्या नमुन्यात मिसळायचा, थोडा वेळ ठेवायचा. मग सशाच्या बाजूवरचे केस भादरून, त्वचेवर छोटे छोटे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनात वेगळे मिश्रण चोळायचे. काही आठवडे वाट पाहायची. ज्या चौकोनात चामखिळी दाटून उगवतील त्याचे सीरम निरुपयोगी, जो चौकोन स्वच्छ राहील त्याचे प्रभावी. एका सशाच्या पाठीवर असा अख्खा तक्ताच मांडला जाई. किड, बिअर्ड आणि राउस यांनी १९३६ साली याच रीतीने दाखवले, की चामखिळी वाहणाऱ्या सशांच्या सीरममध्ये ही ताकद असते आणि इतर प्रकारच्या गाठी असलेल्या सशांत ती नसते. प्रतिपिंडे नेमकी याच विषाणूविरुद्ध होती.

आणि तरीही, किड यांनी १९३८ साली नोंदवले, एकदा रुजलेल्या गाठीची वाढ या प्रतिपिंडांच्या असण्या-नसण्यावर ठरत नाही. काही थोड्या सशांच्या चामखिळी आपोआप झडून जात, बहुतेकांच्या टिकत. दोन्हींच्या रक्तात प्रतिपिंडे सापडत. झडण्यामागे काहीतरी वेगळे होते, आणि ते विषाणूच्या नव्हे तर चामखिळीच्या पेशींच्या विरोधात होते. राउस यांचे १९१३ सालचे वाक्य इथे पुन्हा जिवंत झाले.

प्रतिपिंडांनी संशोधकांनाही चकवा दिला. चामखीळ वाटताना तिच्यातले रक्त आणि ऊतिद्रव विषाणूत मिसळतात. म्हणजे सशाचीच प्रतिपिंडे खलबत्त्यात विषाणूला गाठतात आणि निष्प्रभ करतात. काही वेळा विषाणू ‘सापडत नाही’ याचे कारण हेच, असे किड यांनी १९३९ साली दाखवले. पण पाळीव सशांतला विषाणूचा दुष्काळ तेवढ्याने पुरता उलगडत नव्हता.

शोप यांनी याआधीच, १९३७ साली, एक नामी युक्ती केली होती. हा विषाणू फक्त त्वचेत वाढतो. तो पोटाच्या पोकळीत टोचला तर गाठ येत नाही, पण प्रतिपिंडे तयार होतात आणि ससा पुढच्या लागणीपासून सुरक्षित राहतो. ही झाली लस. त्यांनी पाळीव सशांच्या ‘रिकाम्या’ चामखिळींचा रसही असाच टोचला. जो रस कोणाला चामखीळ देऊ शकत नव्हता, त्याने सशांत प्रतिकारशक्ती मात्र उत्पन्न केली. म्हणजे विषाणू, किंवा निदान त्याचा काही भाग, तिथे होता. शोप यांनी त्याला ‘मुखवटा घातलेला’ विषाणू म्हटले. गुन्हेगार दिसत नव्हता, पण कुत्र्यांना वास येत होता.

या मुखवट्याची एक कहाणी तर आजही चालू आहे. अशाच एका चामखिळीतून निघालेला कर्करोग किड आणि राउस यांनी एका सशातून दुसऱ्यात रोपत नेला. त्याचे नाव व्हीएक्स-२. सुरुवातीच्या पिढ्यांत त्यातून जिवंत विषाणू मिळत नसे, पण तो ज्या सशात वाढे त्याच्या रक्तात पॅपिलोमा विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे येत. वर्षानुवर्षे रोपण चालू राहिले आणि एके दिवशी ही प्रतिपिंडे येणे बंद झाले. १९५२ साली राउस, किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद केली. गाठीचा जोर मात्र तसूभरही कमी झाला नव्हता. प्रतिपिंडांना ओळख पटावी असे काहीही न दाखवता कर्करोग सुखाने वाढू शकतो, हे याहून स्पष्टपणे कसे सांगावे? (१९८० च्या दशकात नव्या तंत्राने पाहिले तेव्हा विषाणूचे डीएनए त्या पेशींत बसलेलेच होते. व्हीएक्स-२ आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.)

मुखवटा उतरला १९५७ साली, आणि तो उतरवणारे हत्यार पुन्हा प्रतिपिंडच होते. नॉयेस आणि मेलर्स या संशोधकांनी विषाणुविरोधी प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडला आणि चामखिळीच्या पातळ कापांवर तो सोडला. जिथे विषाणूचे प्रथिन असेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली उजेड दिसणार. रानसशाच्या चामखिळीत उजेड दिसला, पण फक्त वरच्या, वाळत चाललेल्या, मरणपंथाला लागलेल्या थरांत. खाली, जिथे पेशी भराभर दुभंगतात आणि गाठ वाढते, तिथे अंधार. पाळीव सशात वरच्या थरांतही क्वचितच एखादी ठिणगी.

हे चित्र समजून घेण्यासाठी इथे थोडे थांबावे लागेल. पॅपिलोमा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेले डीएनए. त्वचेला बारीकशी जखम झाली की तो तळच्या पेशींपर्यंत पोचतो, कवच टाकून देतो आणि त्याचे डीएनए पेशीच्या केंद्रकात जाऊन बसते. तिथून ते पेशीला दुभंगण्याचे हुकूम देते, पण कवच बनवत नाही. ती पेशी वर सरकत सरकत मरणाच्या टोकाला आली, की तेव्हा कुठे नव्या कवचांचे उत्पादन सुरू होते आणि विषाणू गळणाऱ्या त्वचेसोबत बाहेर पडतात. प्रतिपिंडे ओळखतात ती या कवचाला. ती पेशीच्या आतही शिरत नाहीत. म्हणजे त्यांना विषाणू गाठता येतो तो प्रवेशाच्या क्षणी, किंवा बाहेर पडल्यावर. मधला सगळा काळ तो त्यांच्या लेखी अदृश्य असतो.

आपल्या वाचकांना किल्ल्यांची भाषा जवळची आहे, म्हणून सांगतो. दिंडी दरवाजावरचे पहारेकरी कितीही सावध असोत, गडात आधीच शिरून गडकऱ्याच्या गादीवर बसलेल्या माणसाला ते काढू शकत नाहीत. त्यांची नजर बाहेरच्या वाटेकडे असते.

याचा निर्णायक पुरावा दिला योहेई इतो या जपानी आणि चार्ल्स इव्हान्स या अमेरिकी संशोधकाने. शोप विषाणूचे कवच रसायनाने काढून टाकून केवळ त्याचे डीएनए त्वचेत सोडले तरी चामखीळ उगवते, हे १९६०-६१ मध्ये सिद्ध झाले. मग सिअॅटलमध्ये त्यांनी हे उघडे डीएनए दोन प्रकारच्या सशांवर वापरून पाहिले: ज्यांच्या चामखिळी टिकून होत्या ते, आणि ज्यांच्या झडून गेल्या होत्या ते. अख्ख्या विषाणूला दोन्ही गट दाद देत नव्हते, कारण प्रतिपिंडे दोघांकडे होती. पण कवच नसलेले डीएनए प्रतिपिंडांच्या नजरेतून निसटले, आणि टिकाऊ चामखिळीवाल्या सशांना नव्या चामखिळी आल्या. झडलेल्या गटाला मात्र बहुधा आल्या नाहीत. त्यांच्याकडे दुसरी, पेशींच्या पातळीवर काम करणारी फौज होती. १९६६ सालचा हा निबंध माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग आहे. एकाच चाचणीने दोन प्रतिकारशक्ती एकमेकींपासून वेगळ्या करून दाखवणे रोज घडत नाही.

ही दुसरी फौज म्हणजे लसिकापेशींची, विशेषतः आज आपण ज्यांना टी-पेशी म्हणतो त्यांची. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशी ते तुकडे वाचतात आणि बाधित पेशीलाच मारतात. याच सुमारास उंदरांच्या पॉलिओमा विषाणूवरही समांतर काम झाले. स्टॉकहोममध्ये शोग्रेन, हेलस्ट्रॉम आणि क्लाइन यांना आणि अमेरिकेत कार्ल हेबेल यांना १९६१ साली आढळले, की विषाणू टोचलेल्या प्रौढ उंदरांत पॉलिओमाची गाठ रोपली तर ती धरत नाही, आणि या विरोधाचा रक्तातल्या विषाणुविरोधी प्रतिपिंडांशी मेळ बसत नाही. उलट नवजात पिल्लांचे रक्षण करताना प्रतिपिंडांनी आपले मोल दाखवले. विषाणुरोधक मादीची पिल्ले आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांच्या बळावर गाठींपासून वाचत. पहारा आधीपासून होता, इतकाच काय तो फरक.

सगळे विषाणू मात्र शोप विषाणूसारखे लपून बसत नाहीत. १९६४ साली ग्लासगोमध्ये विल्यम जॅरेट यांनी मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू शोधला. एकाच घरातल्या अनेक मांजरांना हा कर्करोग झाल्याचे पाहून त्यांना संसर्गाचा संशय आला होता. हा विषाणू लाळेतून पसरतो. मांजरे एकमेकांना चाटतात, एका वाडग्यातून खातात, तेवढे पुरते. तो बाधित पेशीच्या पृष्ठभागावरून सतत बाहेर पडत असतो, त्यामुळे इथे प्रतिपिंडांना काम करायला अधिक वाव असतो. ज्या मांजरांत ती वेळेवर आणि पुरेशी तयार होतात त्यांच्या रक्तातून विषाणू नाहीसा होतो, आणि त्यांना ल्युकेमिया होण्याचा धोका पुष्कळ घटतो. लहान पिल्लांना हे बहुधा साधत नाही, म्हणून ती अधिक दगावतात.

पण इथेही एक गोम आहे. रक्तातून विषाणू गेला, तरी त्याची प्रत अस्थिमज्जेतल्या पेशींच्या डीएनएत बसून राहू शकते. १९८२ साली अशा ‘बऱ्या झालेल्या’ मांजरांच्या मज्जापेशी शरीराबाहेर वाढवल्यावर, आणि काही मांजरांना स्टेरॉइड दिल्यावर, विषाणू पुन्हा प्रकट झाला. प्रतिपिंडांनी त्याला गप्प केले होते, संपवले नव्हते.

कोंबड्यांच्या मारेक रोगाची तऱ्हा आणखी वेगळी. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली वर्णन केलेला हा रोग एका हर्पिस विषाणूमुळे होतो, हे १९६७ साली कळले, आणि १९७० च्या आसपास त्यावर लस आली. कर्करोग टाळणारी ती जगातली पहिली प्रत्यक्ष वापरातली लस. ती गाठी टाळते, पण लागण टाळत नाही. लस दिलेली कोंबडी विषाणू पाळते आणि पसरवते. अशा लशींमुळे एरवी स्वतःच्याच यजमानाला झटपट मारून संपून गेले असते असे जहाल प्रकार टिकून राहू शकतात, असे अँड्रू रीड यांच्या गटाने २०१५ साली प्रयोगांनी दाखवले. लशींविरुद्ध ओरड करणाऱ्यांनी या निबंधाचा भलताच अर्थ लावला. त्याचा खरा रोख लागण रोखणाऱ्या आणि फक्त आजार रोखणाऱ्या लशींमधल्या फरकावर होता.

आता पुन्हा पॅपिलोमाकडे, कारण माणसाचा संबंध तिथेच येतो. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा १६ वा प्रकार शोधला. पुढच्याच वर्षी १८ वा. सशातल्या विषाणूचे हे नातेवाईक. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. लस करायची तर विषाणूचे डीएनए शरीरात घालणे धोक्याचे, कारण कर्करोग घडवणारे हुकूम त्यातच असतात. मग काय करावे?

ब्रिस्बेनमध्ये जियान झोऊ आणि इयन फ्रेझर यांनी १९९१ साली, आणि अमेरिकेत जॉन शिलर व डग्लस लोवी यांच्या गटाने १९९२ साली मार्ग दाखवला. कवचाचे मुख्य प्रथिन वेगळे तयार केले तर त्याचे रेणू आपोआप एकत्र येऊन विषाणूसारखा गोल रचतात. आत डीएनए नाही, निव्वळ पोकळ कवच. इतो यांनी कवचाशिवाय डीएनए वापरून प्रतिपिंडांना हुलकावणी दिली होती. इथे डीएनएशिवाय कवच वापरून प्रतिपिंडे मिळवायची होती.

१९९५ साली परीक्षा झाली, आणि परीक्षार्थी पुन्हा ससे होते. शोप विषाणूची पोकळ कवचे टोचलेल्या सशांना नंतर खरा विषाणू लावला, तेव्हा ते मोठ्या प्रमाणात सुरक्षित राहिले. त्याच वर्षी बीगल जातीच्या कुत्र्यांवर तोंडातल्या चामखिळींच्या विषाणूचा असाच प्रयोग झाला आणि पूर्ण संरक्षण मिळाले. दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट मुद्दाम तपासली होती. लस दिलेल्या प्राण्यांचे केवळ सीरम किंवा त्यातली प्रतिपिंडे दुसऱ्या, लस न घेतलेल्या प्राण्यांना दिली. तेही वाचले. प्रवेशाच्या क्षणी प्रतिपिंडे एकटी पुरेशी आहेत, हे आता पक्के झाले. तापवून किंवा रसायनाने आकार मोडलेल्या प्रथिनाचा मात्र उपयोग झाला नाही. प्रतिपिंडे ओळखतात ती कवचाची घडण.

२००६ साली अमेरिकेत पहिली एचपीव्ही लस मंजूर झाली. आणि मग १९३३ सालचा जुना प्रश्न माणसांच्या संदर्भात विचारला गेला: ज्यांना लागण आधीच झाली आहे त्यांचे काय? कोस्टारिकात १८ ते २५ वर्षांच्या, विषाणू आधीच आढळलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. काहींना एचपीव्हीची लस, काहींना तुलनेसाठी कावीळ ‘अ’ ची. २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभरात दोन्ही गटांतल्या जवळपास निम्म्या स्त्रियांच्या शरीरातून विषाणू आपोआप गेला होता. लसवंतांत प्रमाण जास्त नव्हते. शोप यांच्या सशांनी ७४ वर्षांपूर्वी हेच सांगितले होते.

म्हणून ही लस ९ ते १४ या वयात द्यावी असे सांगितले जाते. वयाचा हा आकडा ऐकून अनेक घरांत भुवया उंचावतात. ‘एवढ्या लहान मुलीला हे कशाला’ हा प्रश्न मी सुशिक्षित कुटुंबांतही ऐकला आहे. या विषाणूची लागण शरीरसंबंधातून होते, आणि पहारा लागणीच्या आधी बसला तरच तो उपयोगी. त्याचे कारण कोणाच्या चारित्र्यात नाही, तळच्या पेशींत आहे. मोठ्या वयात लस घेतल्यास जे प्रकार अजून शिरलेले नाहीत त्यांच्यापुरते संरक्षण मिळते, शिरलेल्याचे नाही.

२०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २३ हजार नवे रुग्ण आढळले आणि ७७ हजारांहून अधिक स्त्रिया दगावल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये सर्व्हावॅक ही देशी बनावटीची लस बाजारात आणली. ती चार प्रकारांवर चालते आणि तिच्यातही तीच पोकळ कवचे आहेत.

ज्या स्त्रियांच्या पेशींत विषाणू आधीच बसला आहे, त्यांच्यासाठी टी-पेशींना जागे करणाऱ्या उपचारात्मक लशींचे प्रयोग अनेक वर्षे चालू आहेत. त्यांची पहिली परीक्षाही बऱ्याचदा शोप यांच्या सशांवरच घेतली जाते. तोवर त्यांच्यापुढे मार्ग आहे तो वेळोवेळी तपासणी करून घेण्याचा आणि बदललेल्या पेशी कर्करोग होण्याआधीच काढून टाकण्याचा.